मी उभा इथे

दत्तजयंतीला आमच्या मंडळात कीर्तन असतं आणि त्या कीर्तनाला पेटीवर मी असते. जयपुरात मराठी घरं तशी विखुरलेली. कोणी रेल्वेचं, कोणी बँकेचं, कोणी माझ्यासारखं विमा कंपनीतून बदलीवर आलेलं आणि निवृत्त होऊन इथेच रुजलेलं. पण त्या दुपारी हॉलमध्ये सतरंज्या पडल्या, बुक्क्याचा वास सुटला, की सगळे आपापल्या कोपऱ्यातून गोळा होतात. ज्यांच्या मुलांचं मराठी अडखळतं तेही मुलांना धरून आणतात. मी त्यांना म्हणते, अहो, आणाच. शब्द कळला नाही तरी सूर आत जातो, आणि सूर आत गेला की मागून येणाऱ्या शब्दाला दार उघडंच सापडतं.

गेल्या वर्षी कीर्तनाला उभी राहणार होती माझी सून, मधुवंती. गोपालपुऱ्यातल्या एका कोचिंगमध्ये ती फिजिक्स शिकवते. वर्गभर पोरांसमोर उभं राहून बोलायची सवय, गळा देवाने दिलेला, आणि सुट्ट्यांमध्ये इंदूरच्या शालिनीताईंकडे राहून घेतलेली तालीम. आमच्या नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे अभंगाचं निरूपण, आणि मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, एखादी रंगवून सांगितलेली कथा. पूर्वरंग तिने घरोघरी पुष्कळ केले होते. भरल्या मंडळात आख्यान लावण्याची तिची पहिलीच वेळ.

"सासू पेटीवर आणि सून गादीवर! अर्धं पुण्य तर हे बघूनच पदरात पडेल," आमचे अध्यक्ष मुरलीधरराव म्हणाले होते. "आख्यान कुठलं लावणार?"

"ठरवतेय," मधुवंती म्हणाली.

तिने ठरवलं ते वर्गात. ध्वनीचा धडा चालला होता. दाट धुक्यात डोळ्यांचं काही चालत नाही, पण लांब, न तुटणारा आवाज असेल तर कान त्याची दिशा बरोबर धरतो, असं ती सांगत होती. शेवटच्या बाकावरून एक मुलगी फिसकन हसली. सोनम तिचं नाव, चाकसूची, इथे हॉस्टेलवर राहणारी.

"काय झालं?"

"कुछ नहीं मॅम. मेरे दादाजी भी यही बोलते हैं. कहते हैं, इकहत्तर की लड़ाई में उनके मराठी साहब गोलियों के बीच खड़े होकर गाना गाते थे."

सगळा वर्ग हसला. सोनमही हसली. मधुवंतीने विचारलं, "साहब का नाम?"

"उमाकांत साहब. पूरा नाम नहीं पता."

संध्याकाळी घरी आल्या आल्या ती स्वयंपाकघरात शिरली. "आई, आपले मुरलीपुऱ्याचे कर्नलकाका... उमाकांत देवस्थळी. ते गातात?"

मी पोळी लाटता लाटता थांबले. कर्नलकाका दरवर्षी कीर्तनाला पहिल्या रांगेत, खुर्चीत, एक पाय सरळ पसरून बसतात, कारण तो गुडघ्यात वाकत नाही. छातीवर पदक कधी लावत नाहीत. आणि गजराला सगळा हॉल टाळ्या वाजवत असतो तेव्हाही त्यांचे ओठ मिटलेले असतात.

"गातात? अगं, ते गुणगुणताना कुणी ऐकले असतील तर शपथ!"

"मग आपल्याला चाकसूला जायला हवं."

गेलो. रविवार होता. सोनमच्या घरी अंगणात खाटेवर म्हातारबाबा बसलेले. हवालदार रणजीतसिंह. पांढऱ्या मिशा, केशरी साफा, आणि डोळे दुधासारखे झालेले. एका डोळ्याचं ऑपरेशन फसलं होतं, दुसऱ्याला फक्त उजेड आणि सावली कळायची. मराठी बायका आल्यात म्हटल्यावर ते उठून उभेच राहिले.

"उमाकांत साहब के घर से?"

"नाही, त्यांच्या मंडळातून," मधुवंती हिंदीत म्हणाली. "बाबा, ते गात होते, ते खरं?"

म्हातारबाबा बोलायच्या आतच खांबाला टेकलेला त्यांचा मुलगा, म्हणजे सोनमचे वडील, हसून म्हणाला, "पूछो, पूछो! फौज में उस टाइम हारमोनियम भी मिलता था. राशन के साथ."

आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. म्हातारबाबांना हे नवीन नसावं. पण मुलगा पुढचं बोलला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"और गोली भी तो उनको पीछे से लगी थी. पूरा गाँव जानता है."

आता हे समजून घ्यायला हवं. त्या मुलुखात गोळी कुठे लागली याला फार अर्थ आहे. समोरून लागली तर माणूस लढला, मागून लागली तर पळाला. त्याच पलटणीत दुसऱ्या कंपनीतला गावचा एक माणूस होता. त्याने साहेबांची जखम इस्पितळात पाहिली आणि गावात येऊन सांगितली. तेव्हापासून रणजीतसिंहांनी साहेबांची गोष्ट काढली की कोणीतरी पाठीचं बोलायचं. साहेब पळपुटा ठरला, आणि त्याचे गुण गाणारा हवालदार थापाड्या.

"साहब की पीठ दुश्मन की तरफ थी," म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, "क्योंकि मुँह हमारी तरफ था." मग मधुवंतीच्या आवाजाच्या रोखाने वळले. "बेटी, मुझे कुछ नहीं चाहिए. आँख गई, जाने दो. मरने से पहले कोई चार लोगों के सामने कह दे कि रणजीत झूठ नहीं बोलता. बस."

निघताना त्यांनी ते गाणं तिला गुणगुणून दाखवलं. शब्द मोडके, पण चाल अशी स्वच्छ की मी मनातल्या मनात पेटीवर बोटं ठेवली. भूप राग. लांब, गुराख्याने टेकडीवरून घातलेल्या हाकेसारखा.

गाडीत बसल्यावर मधुवंती म्हणाली, "आख्यान सापडलं."

"मालक परवानगी देईल तर ना," मी म्हटलं.

मालकाने दिली नाही. कर्नलकाका अंगणात तुळशीला पाणी घालत होते. सगळं ऐकून घेतलं, झारी खाली ठेवली, आणि म्हणाले, "विभाताई, तुम्ही इतकी वर्षं कीर्तनात आहात. नारदाच्या गादीवरून जिवंत माणसाची स्तुती होते का?"

मी मान हलवली. होत नाही. शालिनीताईंनी मधुवंतीला पहिल्या दिवशी दिलेला नियम हाच. गादीवरून देव गावा, संत गावेत, जे गेले त्यांचं पुण्य गावं. जिवंत माणसाला गायलं की ती नरस्तुती, आणि नरस्तुती झाली की गादीचा बाजार झाला.

"माझे वडील फुलेऱ्याला मालधक्क्यावर क्लार्क होते," काका म्हणाले, "आणि सुट्टीच्या दिवशी कीर्तनकार. स्टेशनमास्तरच्या साठीला त्याच्यावर दोन ओळी म्हणा म्हणून सगळे मागे लागले होते. वडिलांनी गादी गुंडाळली आणि घरी आले. मी त्यांचा मुलगा आहे."

"पण काका, चाकसूत तुम्हाला काय म्हणतात ते ठाऊक आहे?" मधुवंतीने विचारलं.

"पाठीचं ना? ठाऊक आहे. म्हणू देत. रणजीतला माहीत आहे, मला माहीत आहे, देवाला माहीत आहे. चौथा कशाला हवा?"

"त्यांची नात हवी."

काकांनी झारी पुन्हा उचलली, ती रिकामी होती, पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "त्या लढाईत दोन मुलं गेली. शिशराम आणि लादूसिंह. त्यांचं गा. ते गेले आहेत, त्यांचं गायला नियम आड येत नाही. त्यासाठी जे घडलं ते सांगतो. पण माझं नाव आलं, तर मी उठून जाईन. भर आख्यानातून. मग मंडळ काय म्हणेल ते तुमचं तुम्ही बघा."

पहिल्या आख्यानातून पहिल्या रांगेतला माणूस, आणि तोही कर्नलकाका, उठून गेला तर मधुवंतीला इथे पुन्हा कोण उभं करणार?

त्यांनी सांगितलं. अहवाल वाचावा तसं, कुठे चढ नाही, उतार नाही. गाण्याचे शब्दही सांगितले, बाजारातून आणायच्या सामानासारखे. मधुवंती म्हणाली, "चाल?"

"चाल वडिलांची आहे. ती नाही द्यायची. तुझी तू लाव."

ती लगेच "बरं" म्हणाली. हे 'बरं' मला थोडं जास्तच लवकर आल्यासारखं वाटलं. चाल तर तिला चाकसूहून मिळाली होती! पण ती काही बोलली नाही, म्हणून मीही बोलले नाही. घरी मात्र आम्ही रोज त्या पदाची तालीम करत होतो, त्याच भूपात, काळी दोनच्या पट्टीत.

तिकडे मुरलीधररावांचा वेगळाच उत्साह. "बॅनर करू या! 'वीरगाथा', आणि खाली काकांचा वर्दीतला फोटो."

"मुरलीधरराव, फोटो लावलात तर कीर्तन नाही," मधुवंती म्हणाली.

"मतलब... छोटा?"

"छोटाही नाही."

दत्तजयंतीच्या दुपारी हॉल भरला. आमच्याकडे बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, आणि मधून दारापासून गादीपर्यंत सरळ वाट मोकळी सोडायची पद्धत आहे. आरतीचं तबक तिथून येतं. कर्नलकाका नेहमीच्या जागी, पहिल्या रांगेत, वाटेच्या कडेला. मधुवंती गादीवर उभी राहिली, नऊवारी, कपाळावर बुक्का, हातात झांज. पूर्वरंग सुरू असताना दाराशी हालचाल झाली. सोनम आजोबांना घेऊन आली होती. खाली बसणं त्यांना जमेना, म्हणून कोणीतरी दाराजवळ खुर्ची दिली. सोनमचे वडीलही आले होते, हाताची घडी घालून, भिंतीला टेकून उभे. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं.

पूर्वरंग संपला. मधुवंतीला हार घातला, गजर झाला, आणि तिने आख्यान लावलं.

"मंडळी," ती म्हणाली, "आजच्या कथेतल्या दोघांची नावं आधी घेते. शिशराम आणि लादूसिंह. ते देवाघरी आहेत, म्हणून त्यांची नावं या गादीवरून घेता येतात. बाकी जे आहेत त्यांची नावं मी घेणार नाही. मेरे जो बच्चे मराठी कम समझते हैं, उनके लिए बीच-बीच में हिंदी बोलूँगी, देव रागावणार नाही."

लोक हसले. काकांचे खांदे जरा सैल झाले.

मग तिने एकाहत्तरचा डिसेंबर उभा केला. कालव्याचा मुलूख, पलीकडे शत्रूचं ठाणं उंच बांधावर, आणि ठाण्यापुढे सुरुंग पेरलेलं रान. आपल्या सुरुंगवाल्यांनी अंधारात त्यातून एक वाट साफ केली, दोराने आखल्यासारखी सरळ, दोन माणसं खांद्याला खांदा लावून कशीबशी मावतील एवढीच रुंद. दोन्ही कडांना पांढरी फीत. फितीच्या आत पाय, तर जीव. फितीच्या बाहेर पाय, तर जीव नाही. त्या वाटेने एका तुकडीने जायचं आणि उजाडताना ठाण्यावर तुटून पडायचं. तुकडीचा प्रमुख कोण? मिसरूड नीट न फुटलेला एक अधिकारी, फौजेत येऊन वर्षही न झालेला. त्याच्या हाताखालचे सगळे राजस्थानचे, वयाने त्याच्याहून मोठे.

"आणि धुकं उतरलं," ती म्हणाली आणि आवाज खाली आणला. "आपण जयपूरवाले ज्याला धुकं म्हणतो तसं नाही. आपलाच हात आपल्याला दिसू नये असं."

अधिकारी सगळ्यांच्या पुढे होता. तो आणि पहिली काही माणसं वाट ओलांडून पलीकडच्या वाळूच्या उंचवट्यापर्यंत पोचली. एवढ्यात शत्रूला सुगावा लागला आणि तोफांचे गोळे पडू लागले. फिती तुटल्या, उडाल्या. निम्मी तुकडी वाटेच्या अलीकडच्या तोंडाशी अडकली. वायरलेस बंद पडलेला. आता काय? पुढच्या मूठभर माणसांनी हल्ला केला तर ती सगळी संपणार. थांबले तर धुकं विरणार, आणि उघड्या वाळूत पडलेल्या दोन्ही टोळ्या पाखरांसारख्या टिपल्या जाणार. मागच्यांनी अंदाजाने चालायचं म्हटलं, तर खाली सुरुंग.

"शिट्टी वाजवावी? शिट्टी तुटते. धुक्यात तुटक्या आवाजाची दिशा कळत नाही. हे मी वर्गात शिकवते, त्या मुलाला ते कोणी शिकवलं होतं? त्याच्या वडिलांनी. वडील कीर्तनकार. त्यांच्या एका आख्यानात धुळीच्या वादळात गाई हरवतात, आणि छोटा कृष्ण एका जागी उभा राहून त्यांना हाक घालतो. मुलाने लहानपणी झांज धरून ते शंभरदा ऐकलेलं. वाट सरळ आहे. वाटेच्या एका टोकाला मी आहे. मी इथून सूर लावला आणि माझी माणसं नाकासमोर सुराकडे चालत आली, तर त्यांचा पाय वाटेबाहेर पडणारच नाही.

"पण कसं उभं राहायचं? वाळूआड झोपून सूर लावला तर तो वाळूत जिरतो. म्हणजे उभंच राहायला हवं. जागा बदलत राहिलं तर गोळ्या चुकवता येतील. पण मंडळी, आवाज हलला की वाट हलते! एक पाऊल डावीकडे सरकला, तर मागचा माणूस एक पाऊल डावीकडे येणार, आणि तिथे सुरुंग. म्हणजे हलायचंही नाही. आणि तोंड कुठे? तोंड आपल्या माणसांकडे. मग पाठ कुठे?"

मी भात्यावरचा हात सोडला होता.

"पीठ दुश्मन की तरफ," मधुवंती हिंदीत म्हणाली, सावकाश, दाराच्या दिशेने. "शत्रूकडे पाठ करून पळणारे जगाने पाहिले आहेत. शत्रूकडे पाठ करून उभा राहिलेला मी हा एकच ऐकला. शत्रूची मशीनगन या आवाजावर गोळ्या टाकत होती, आणि हा पाठ देऊन, हात तोंडाशी धरून, गात होता."

भिंतीला टेकलेल्या सोनमच्या वडिलांची घडी सुटली होती, एवढं मला दिसलं.

"आणि तो काय गात होता?" मधुवंतीने झांज उचलली, माझ्याकडे पाहिलं. मी भूपाचे स्वर धरले. आणि ही मुलगी भलत्याच चालीत सुरू झाली! उड्या मारणारी, भोंडल्याच्या गाण्यासारखी ठेक्याची चाल.

*ये गे धवळे, ये गे सावळे,*
*दिसेना तरी ये गे,*
*मी उभा इथे, मी उभा इथे,*
*सूर धरूनी ये गे!*

माझी बोटं पेटीवर अडखळली. विसरली का ही? रोज तालीम केली, आणि ऐन वेळी? तबलेवाले निलयराव माझ्याकडे बघायला लागले. मी डोळ्यांनी तिला खुणावलं, तिने पाहूनही न पाहिल्यासारखं केलं आणि दुसऱ्यांदा तशीच गायली, आणखी ठेक्यात, झांज खणखणवत.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. कर्नलकाका उठले.

नाव तर घेतलं नव्हतं! पण ते उठले होते, हे सगळ्या हॉलने पाहिलं होतं. न वाकणारा पाय ओढत ते मधल्या वाटेवर आले. मुरलीधरराव अर्धे उठून, "काका, काका, पाणी हवं का?" असं कुजबुजले. काकांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ते मधुवंतीकडे पाहत होते, आणि चेहरा असा की कोणी त्यांच्या वडिलांची टोपी उडवली असावी.

"चाल चुकली," ते म्हणाले.

मधुवंतीने झांज थांबवली. "मग कशी आहे, काका?"

"अशी उडती नाही. गाई बुजतील."

एवढं बोलून काका थांबले. मला वाटलं, आता जातील. पण त्यांनी दाराकडे तोंड वळवलं, डोळे मिटले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सूर लावला.

म्हाताऱ्या माणसाचा आवाज तो. सुरुवातीला घोगरा, मग त्यातली धूळ झडत गेल्यासारखा. *ये गे धवळे, ये गे सावळे.* लांब, कुठेही न तुटणारा. मी हळूच पेटी खाली काळी एकवर नेली आणि त्यांच्या मागून गेले. *दिसेना तरी ये गे.* एकही स्वर सुटला नाही. ही दत्ताची कृपा.

दाराशी रणजीतसिंह उभे राहिले होते.

सोनम काठी द्यायला वाकली. त्यांनी हाताने बाजूला केली. उजवा हात पुढे, जणू समोर कोणाचा तरी खांदा आहे, आणि मधल्या वाटेवरून ते चालू लागले. दोन्हीकडे माणसं मांड्या घालून बसलेली, लहान मुलं, पर्सा, पाण्याच्या बाटल्या. त्यांना यातलं काही दिसत नव्हतं. पण पाऊल एकदाही डावीकडे गेलं नाही, उजवीकडे गेलं नाही. कोणी त्यांना हात दिला नाही. द्यावासा वाटलाच नाही कोणाला, इतके ते ठाम चालत होते.

काकांनी डोळे उघडले आणि समोर कोण येतंय ते पाहिलं. सूर क्षणभर हलला. पण पाय हलला नाही. त्यांनी सूर पुन्हा धरला, *मी उभा इथे, मी उभा इथे*, आणि माणूस जवळ येईपर्यंत गात राहिले.

रणजीतसिंहांचा हात काकांच्या खांद्याला लागला. त्यांनी सावधान होऊन लढाईच्या वेळचा हुद्दा सांगितला.

"लान्सनायक रणजीतसिंह, हाजिर, साहब." आणि मग मिशीतून हसत, "गाय आ गई."

काका मोठ्याने हसले. आम्ही त्यांना असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. "तुझे किसने बताया उस गाने का मतलब?"

"अस्पताल में एक मराठी कंपाउंडर था. मतलब सुना तो दो दिन आपसे बात नहीं की मैंने. सोचा, हम राजपूत, और साहब ने गाय बना दिया!"

सगळा हॉल हसत होता आणि अर्धा हॉल डोळे पुसत होता. सोनमचे वडील तेव्हा भिंतीपाशी नव्हते. मधल्या वाटेने ते वडिलांच्या मागे येऊन उभे राहिले, आणि कर्नलकाकांच्या पायाशी वाकले. काकांनी त्यांना अर्ध्यातच धरलं.

"इधर नहीं. गादी के सामने."

मधुवंतीने आख्यान सोडलं नव्हतं. कीर्तनकाराने सोडायचं नसतं. तिने पुन्हा सूत्र हातात घेतलं. एकेक करून सगळी तुकडी कशी त्या सुरावर ओलांडून आली, शेवटचा माणूस येईपर्यंत तो मुलगा मांडीत मागून गोळी घेऊनही रायफलीच्या आधाराने कसा उभा राहिला, आणि मग, "आता पाठ नाही," म्हणून वळला, आणि सगळ्यांना घेऊन बांधावर चढला. शिशराम सगळ्यांच्या पुढे होता. लादूसिंहाने मशीनगनचं तोंड स्वतःच्या अंगाने झाकलं. धुकं विरलं तेव्हा ठाण्यावर आपला झेंडा होता. तिने त्या दोघांची नावं पुन्हा घेतली आणि त्यांच्यासाठी गजर मागितला. पहिल्या रांगेत या वेळी दोन खुर्च्या होत्या, आणि दोन्हींवरून टाळ्या वाजत होत्या. मिटलेले ओठ सगळ्यात मोठ्याने उघडले होते.

सूर्य मावळताना दत्तजन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटला. मुरलीधरराव ज्याला त्याला सांगत होते, "मी तर फोटो लावायचाच म्हणत होतो." सोनम पायऱ्यांवर फोनवर बोलत होती, बहुधा आईशी. "नहीं, सच में था गाना. अरे मैंने खुद सुना! पापा से पूछ लो. और पीठ वाली बात... मैं घर आकर समझाती हूँ. सबको."

काका मधुवंतीपाशी आले. कीर्तन संपलं होतं, ती गादीवरून उतरली होती, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"चाल माहीत होती तुला."

"हो, काका."

"चाकसूहून?"

"हो."

"कीर्तनकाराच्या पोराला फसवलंस."

"मी तुमचं नाव घेतलं नाही," मधुवंती म्हणाली. "नियम मोडला नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "विभाताई, सुनेला जरा धाकात ठेवा." मग जाता जाता, "पेटी काळी एकवर आणलीत, बरं केलंत. आता वर झेपत नाही."

बाहेर ओट्यावर रणजीतसिंह पोरांच्या गराड्यात बसले होते, सुंठवडा मिशीला लागलेला. आमच्या मंडळातली ती पोरं, ज्यांच्याकडून मी वर्षभर दोन ओळी पाठ करून घेऊ शकत नाही, त्यांना हवालदारबाबा ते पद शिकवत होते. 'धवळे' त्यांच्या तोंडी 'धोळी' होत होतं, 'गे' तर पार हरवलं होतं. पोरं तसंच, ओरडून ओरडून, म्हणत होती.

कर्नलकाका पायरीवर थांबले, ऐकलं. मी वाट पाहत होते, आता म्हणतील, चुकलं. पण ते पाय सरळ पसरून रणजीतसिंहांच्या शेजारी बसले आणि त्यांच्याबरोबर म्हणू लागले, "धोळी" असंच.